चार नंबरच्या नावावर शून्य

एक काम करा. पुढच्या वेळी आपल्या कॉलेजची कबड्डी मॅच बघायला जाल ना, तेव्हा रेडरकडे बघूच नका. अवघड आहे, मान्य! सगळं ग्राउंड त्याच्याकडे बघत असतं, मोबाइल त्याच्यावर रोखलेले असतात, रीलही त्याचीच होते. तरी पाच मिनिटं नजर हटवा आणि समोर अर्धगोल करून उभ्या असलेल्या सात जणांकडे बघा. त्यातही टोकाच्या दोघांना सोडून जरा आत बघा. तिथं उभा असतो तो कव्हर. पेपरातल्या भाषेत मध्यरक्षक. त्याचं नाव तुम्हाला माहीत नसेल. पैज लावते.

मलाही नव्हतं. मी कळवणचीच आहे. मास कॉमची डिग्री घेतली, सध्या या पानासाठी इंटर्नशिप करतेय. गावातल्या एका कॉलेजच्या मुलांच्या संघावर लिहायचं म्हणून सलग तीन संध्याकाळी त्यांच्या सराव सामन्यांना जाऊन बसले. पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे गुणांचा हिशेब ठेवला. घरी येऊन वही उघडली तर काय, रेडरांची नावं, दोन्ही कॉर्नरची नावं, आणि बाकीच्यांपुढे मोकळ्या रेघा. चार नंबरची जर्सी घातलेला डावा कव्हर पूर्ण सामना खेळला होता. त्याच्या नावावर पकडीचे गुण शून्य!

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, "सर, चार नंबर का खेळवता?" सर हसले. म्हणाले, "उद्या त्याला बसवतो. तू बघ."

आणि खरंच बसवलं. डावा कोपरा अर्ध्या तासात उघडा पडला. आदल्या दिवशी ज्याच्या नावावर भरपूर पकडी होत्या तो डावा कॉर्नर त्या दिवशी वारंवार बाद होत होता. पोरगा तोच, पाय तेच, समोरचे रेडरही तेच. फक्त शेजारी चार नंबर नव्हता.

तर प्रश्न असा आहे, की ज्याचं काम स्कोअरशीटवर दिसतच नाही त्याला मार्क द्यायचे कसे?

हा प्रश्न फक्त आपल्याला पडलेला नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे वेड असतं. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे हां, तो अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचा. त्यात पुढच्या फळीत पाच दांडगे गडी असतात, एक सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल. या पाच जणांना म्हणतात ऑफेन्सिव्ह लाइन. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत समोरच्यांना पोहोचू द्यायचं नाही आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. गुण त्यांच्या नावावर जवळपास कधीच लागत नाहीत. मग तिथले कोच काय करतात? सामन्याचा व्हिडिओ लावतात आणि एकेका चालीला एकेका खेळाडूला अधिक किंवा उणे देतात. चाल फसली तरी तुझं काम तू केलंस का, एवढंच बघतात. २०१५ पासून तर तिथं उत्कृष्ट ऑफेन्सिव्ह लाइनसाठी 'जो मूर अवॉर्ड' दिला जातो. गंमत म्हणजे तो एका खेळाडूला मिळत नाही, अख्ख्या फळीला मिळतो. पहिल्या वर्षी अलाबामा विद्यापीठाला मिळाला, २०२४ मध्ये आर्मीच्या संघाला.

आपली कव्हरची जोडी बचाव करते, ते लोक आक्रमणात असतात, हा फरक आहेच. पण दुखणं सारखंच आहे. म्हणून मी पद्धत उचलली. तिसऱ्या संध्याकाळी पप्पांच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर मोबाइल टेकवला (बॅटरी दोन टक्क्यांवर येईपर्यंत) आणि रात्री घरी बसून एकेक चढाई अर्ध्या स्पीडवर बघितली. वहीत प्रत्येक बचावपटूपुढे अधिक-उणे. दोन रात्री गेल्या त्यात. डोळे गेले, पण नजर आली.

काय दिसलं ते सांगते. रेडर बोनससाठी पाय टाकतो, कॉर्नर झेपावून त्याचा घोटा धरतो. आपण ओरडतो, "पकड!" खरं तर अजून काहीच झालेलं नसतं. रेडरचा एक पाय अडकलाय, पण दोन हात आणि दुसरा पाय मोकळा आहे. त्याला फक्त मध्यरेषेला बोट लावायचंय. त्या सेकंदभरात कव्हर बाजूने येऊन धडक देतो किंवा वाटेत आडवा येतो, आणि मग पकड होते. तो अर्धा सेकंद उशिरा आला, तर रेडर रेषेला हात लावतो आणि कॉर्नर बाद. अर्धा सेकंद लवकर आला, तर रेडरला तो डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतो आणि गडी पाय मागे घेऊन निघून जातो, जाताजाता कव्हरलाच हात लावून. पकड यशस्वी झाली की गुण मात्र कॉर्नरच्या नावावर. प्रो कबड्डीतही तसंच असतं, चौघांनी मिळून रेडर पाडला तरी टॅकल पॉइंट एकाच्याच खात्यात.

आठवा, पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरयाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. त्या मोसमात डावा कॉर्नर मोहम्मदरेझा शादलूने पकडीचे ९९ गुण मिळवले, सगळ्यांत जास्त. हा आकडा कुणीही सांगेल. त्याच बचावात कव्हरला संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन होते, हे तुमच्यापैकी किती जणांच्या लक्षात आहे? संकेत तर आपल्या महाराष्ट्राचा. असो.

आता माझी चूक सांगते, कारण ती मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. तिसऱ्या सामन्यात एका चढाईत डाव्या कॉर्नरने रेडरचा घोटा धरला आणि चार नंबर चक्क जागेवर उभा राहिला. गेलाच नाही. कडेला बसलेला एक जण ओरडला, "धर ना भो! काय देखी राहिना?" रेडर रेषेला हात लावून उठला, कॉर्नर बाद. मी वहीत चार नंबरपुढे ठसठशीत उणे केलं. दुसऱ्या दिवशी सरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो थांबवला आणि रेडरच्या हाताकडे बोट दाखवलं. कॉर्नर झेपावला त्या क्षणीच रेडर इतका पुढे लोटला होता, की त्याचा हात रेषेपासून वीतभर लांब होता.

"आता हा गेला असता तर काय झालं असतं?" सरांनी विचारलं.

मी गप्प. झटापटीत ज्यांचा ज्यांचा रेडरला स्पर्श होतो ते सगळे बाद होतात, रेडर रेषेपर्यंत पोहोचला तर. म्हणजे चार नंबर मदतीला धावला असता तर एकाऐवजी दोघं बाहेर गेले असते. तो थांबला म्हणून एक गुण वाचला. "न जाणं ही पण पकडच आहे," सर म्हणाले. मी उणे खोडून अधिक केलं. आणि मग मागची सगळी पानं परत तपासावी लागली, कारण अशा किती 'चुका' मी त्याच्या नावावर मांडल्या होत्या देव जाणे!

व्हिडिओत आणखी एक गोष्ट सापडली. संघातले एक-दोन गडी बाद झाले की कॉर्नरच्या शेजारी कव्हर येतो आणि दोघं हात धरून साखळी करतात. आपल्याला वाटतं साखळी धरण्यासाठी असते. आमचा चार नंबर ती ओढण्यासाठी वापरतो! रेडरने लाथ मारायला कंबर वळवली रे वळवली, की हा कॉर्नरला मनगटाला धरून मागे खेचतो. लाथ हवेत जाते. रेडर निदान रेषा ओलांडून आलेला असतो, पण स्पर्श नाही, बोनस नाही, रिकाम्या हाताने परत. स्कोअरशीटवर काय लिहायचं? काहीच नाही. पण अशा दोन रिकाम्या चढाया झाल्या की तिसरी 'डू ऑर डाय' होते. मग रेडरला गुण आणावाच लागतो, नाहीतर तो स्वतः बाद. तो घाईत येतो आणि डावा कॉर्नर त्याला उचलतो. टाळ्या कॉर्नरला. मी मोजून बघितलं, कॉर्नरला मिळालेल्या 'डू ऑर डाय'च्या पकडींच्या आधीच्या चढायांत बहुतेक वेळा चार नंबरचं मनगट होतं.

आता तुम्ही म्हणाल, ही तर एकाच पोराची आरती चाललीय. संघाचं काय?

सांगते. अख्ख्या बचावफळीला दहापैकी सहा मार्क देईन, आणि त्यातले चार डाव्या बाजूचे आहेत. उजवी बाजू काळजी करायला लावणारी. उजवा कॉर्नर ताकदवान आहे, कदाचित संघातला सगळ्यात चपळ. पण त्याला धीर नाही. रेडरला तीस सेकंद असतात, हा सातव्या-आठव्या सेकंदालाच उडी घेतो. त्या वेळी रेडर ताजा असतो, पाय हलके असतात, आणि उजवा कव्हर अजून जागेवर आलेलाही नसतो. उजवा कव्हर पहिल्या वर्षाचा आहे, शाळेत रेडर होता. त्याच्या अंगात अजून रेडच आहे. त्याला एकट्याने जाऊन धडक द्यायची असते. दोघंही चांगले, पण एकमेकांसाठी खेळतच नाहीत. त्यांची साखळी बघा, बोटं बोटांत अडकवलेली असतात, मनगट धरत नाहीत. झटका बसला की सुटते.

दुसरी गोष्ट मातीची. सराव मातीवर होतो, मोठ्या स्पर्धा मॅटवर असतात. मातीवर कोपर सोलून निघतं म्हणून पोरं झेप घेताना अंग चोरतात, आणि सवय तशीच राहते. मॅटवर बूट घालून पाय रोवता येतो, धडक जोरात बसते, पण रेडरही तेवढ्याच जोरात वळतो. आमच्या कव्हरला ते वळणं नवीन असतं. पहिल्या हाफमधली पाच-सात मिनिटं फक्त समजून घेण्यात जातात. याला पोरं काय करणार?

तिसरी गोष्ट मला खरंच चक्रावून गेली. सात जण असतात तेव्हा हा संघ मुका असतो. कुणी कुणाशी बोलत नाही. आणि तिघं उरले की एकदम आवाज सुरू! "मागे", "थांब", "तुझा", "आता". तिघं किंवा त्याहून कमी जणांनी पकड केली की एक गुण जास्त मिळतो, ती सुपर टॅकल. आमचा संघ त्यात भारी आहे. सरांना विचारलं तर म्हणाले, "तिघं उरले की घाबरतात, म्हणून बोलतात." सात जण असताना तेवढं घाबरले तर बरं होईल!

याच ग्राउंडवर मुलींचा संघही सराव करतो. त्यांच्या साखळ्या बघायला मी दहा मिनिटं थांबले आणि अर्धा तास बसले. त्या पहिल्यापासून बोलतात. डावी इन तर कॉमेंट्रीच करत असते, रेडरचा कुठला पाय पुढे आहे तेही सांगते. मुलांनी शेजारच्या ग्राउंडवर दहा पावलं चालत जाऊन बघायला हरकत नव्हती. आणि आपल्या जिल्ह्याला कबड्डीतल्या बाईमाणसांनी शिकवण्याची काही नवलाई नाही. २०१८ च्या एशियन गेम्समध्ये इराणच्या महिला संघाने भारताला २७-२४ हरवून सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्या संघाच्या कोच होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्याच स्पर्धेत आपल्या पुरुष संघालाही इराणने सेमीफायनलमध्ये २७-१८ असं हरवलं होतं. १९९० मध्ये एशियन गेम्समध्ये कबड्डी आल्यापासून पुरुषांचं सुवर्ण पहिल्यांदा हुकलं ते तेव्हा. भारताकडे नावाजलेले रेडर होते, तरी चाळीस मिनिटांत अख्ख्या संघाला मिळून गुण अठराच!

आता परत चार नंबरकडे येते, कारण त्याच्यासाठी हे सगळं नुसतं वहीतलं गणित नाही.

तो अभोण्याच्या पुढच्या एका गावातून येतो. बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी मका, कांदा. चाळीत कांदा भरलेला असला की सरावाला येण्याआधी तो निवडून यायचं, सडका बाजूला काढायचा. साडेसहाला सराव संपला की एसटीसाठी पळायचं, चुकली तर कुणाच्या तरी पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्यांवर बसून जायचं. त्याला पोलिस भरतीत जायचंय. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी नुसतं कॉलेजकडून खेळून भागत नाही, वरच्या पातळीवर खेळल्याचं, तिथं काही करून दाखवल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्या वाटेवरची पहिली पायरी म्हणजे कॉलेजच्या संघातून वरच्या संघात निवड.

गेल्या वर्षी तो एका निवड चाचणीला गेला होता. वेगवेगळ्या कॉलेजांतली ओळखपाळख नसलेली पोरं एकत्र करून संघ पाडले आणि दहा-दहा मिनिटांचे सामने खेळवले. अशा सामन्यात रेडर चमकतो. त्याला कुणाची गरज नसते. कॉर्नरही एखादी झेप मारून नजरेत भरतो. कव्हरने काय करायचं? शेजारचा कॉर्नर कधी उडी मारतो हे त्याला माहीत नाही, कुठल्या हाताने साखळी धरतो हेही माहीत नाही. "मी दोनदा थांबलो," तो मला सांगत होता, "बरोबर थांबलो ताई. दोन्ही वेळा रेडर लाइनला पोचलेला होता. पण मागून कोणीतरी म्हणालं, हा घाबरतो."

त्याची निवड झाली नाही. तो हे सांगताना चिडलेला नव्हता. बुटाची नाडी बांधत होता, तुटलेली, गाठ मारून मारून.

माझं म्हणणं असं आहे की कव्हर निवडायचाच असेल तर त्याच्या कॉर्नरसकट बघा. किमान एक पूर्ण सामना, त्यांच्या स्वतःच्या संघात. ते जमत नसेल तर व्हिडिओ मागवा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, ट्रॅक्टरचं बॉनेट कुठंही मिळतं. अर्थात मी कोण हे सांगणारी? तीन सामने बघितलेली इंटर्न. सरांनीही हेच म्हटलं, जरा गोड शब्दांत. पण मग त्यांनी माझी वही मागून घेतली.

आता तुमच्यासाठी. तुमच्या कॉलेजची मॅच असेल तेव्हा दोघं मिळून जा, एकाला जमत नाही. एकाने डावी बाजू घ्यायची, एकाने उजवी. प्रत्येक चढाईला एवढंच बघायचं: कॉर्नर हलला तेव्हा कव्हर कुठं होता? तो गेला का, कधी गेला, आणि नसेल गेला तर रेडरचा हात तेव्हा कुठं होता? रेडर रिकामा परत गेला तर कुणामुळे गेला? पहिल्या दहा चढायांत काही कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं. मग अचानक दिसायला लागतं, आणि एकदा दिसलं की रेडरकडे बघणं जरा कंटाळवाणं वाटायला लागतं. खरंच!

शेवटच्या संध्याकाळी सातमाळ्याच्या रांगेवरचा उजेड गेल्यावर सराव थांबला. ग्राउंडला लाइट नाहीत. पोरं बॅगा उचलून स्टँडकडे निघाली. चार नंबरने माझी वही बघायला मागितली. बराच वेळ पानं उलटत होता. मी म्हटलं, "तुझ्या रांगेत सगळ्यात जास्त अधिक आहेत, बघ." त्याने मान हलवली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. दुसऱ्या सामन्याच्या दुसऱ्या हाफमधली चढाई.

"इथं तुम्ही अधिक दिलंय ताई. इथं मी उशिरा गेलो होतो. डाव्याने एकट्यानेच धरला."

घरी येऊन व्हिडिओ बघितला. तो बरोबर होता. मी खोडून उणे केलं.

पुढच्या आठवड्यात परत निवड चाचणी आहे. सकाळी सहाच्या एसटीने सर पाच जणांना घेऊन जाणार आहेत, त्यात तोही आहे आणि या वेळी डावा कॉर्नरही आहे. माझ्या वहीच्या पानांची झेरॉक्स सरांनी फाइलमध्ये लावलीय, मेडिकल सर्टिफिकेटच्या खाली.